झुंबरबाईचं आकड्यांचं जातं

झुंबर भालेरावनं रतिलालसाठी सरकारी यंत्राचं हँडल उलटं फिरवलं, अशी कुजबुज आमच्या फार्मवर शहात्तर सालच्या जानेवारीत उठली. कापूस वेचणाऱ्या बायकांनी ती गाठोड्याबरोबर धरणगावात नेली, तिथून बाजाराच्या दिवशी ती अमळनेरला पोचली, आणि होळीपर्यंत तिला इतके फाटे फुटले की मूळ खोड कुठलं ते सापडेना. कोणी म्हणे रतिलालनं तिला गजरा दिला, कोणी म्हणे चांदीचे वाळे. वाळ्यांचं वजन किती होतं ते मी सांगितलं. खोटं कशाला बोलू, सत्ताविसाव्या वर्षी स्टोअरकीपरला दुसरं काम काय असतं?

फार्म म्हणजे कपाशीचे नवे वाण तपासायचं सरकारी केंद्र, धरणगावच्या अलीकडे. मी तिथला स्टोअरकीपर मोतीलाल. खुरपी, गोण्या, खिळे, शाई, सुतळी, सगळं माझ्या ताब्यात. बाकी ज्ञान शून्य, पण कोण कोणाशी किती वेळ बोललं याची नोंद माझ्याइतकी पक्की कोणाकडे नव्हती.

झुंबर तिथं आईबरोबर वेचणीला आली तेव्हा सोळा-सतराची असेल. सातवी शिकलेली. काळीसावळी, उंच, आणि बोलायला अशी कंजूष की तिच्याबद्दल गप्पा मारायच्या तर सगळं स्वतःच रचावं लागे. फार्मच्या साहेबांनी तिला बोंडं मोजायला लावलं. एका वाफ्यात झाडं शे-दीडशे, प्रत्येक झाडावर पंधरा-वीस बोंडं, डोक्यावर ऊन. बाकीच्या मोजणाऱ्या हजाराच्या पुढं गेल्या की गडबडायच्या, मग एकमेकींकडं बघून ठोकून द्यायच्या. झुंबरचा आकडा मात्र दोनदा मोजला तरी तोच, तीनदा मोजला तरी तोच.

साहेबांना वाटलं, पोरगी काहीतरी चलाखी करते. त्यांनी मला पाळतीवर ठेवलं. माझ्यासारख्या माणसाला असं काम फुकट दिलं तरी पगार मिळाल्यासारखं होतं. मी बांधावर उंबराखाली बसून बघितलं. ती दहा बोंडं मोजायची आणि कमरेच्या ओच्यात एक सरकी, म्हणजे कपाशीचं बी, टाकायची. ओच्यात दहा सरक्या झाल्या की त्या सगळ्या फेकून द्यायची आणि पदराच्या टोकाला एक गाठ मारायची. गाठ म्हणजे शंभर. संध्याकाळी ती साहेबांसमोर उभी राहून आधी गाठी मोजे, मग सरक्या, मग वरची सुटी बोंडं सांगे. बस. डोक्यावर काहीच ओझं नाही, सगळं लुगड्यावर.

आणि त्याच वर्षी फार्मवर ते यंत्र आलं.

परदेशातून लाकडी पेटीत आलं होतं. काळं कुळकुळीत, आठ-दहा किलोचं, समोर पितळी पट्टीत बारीक बारीक कळा, खाली आकड्यांच्या खिडक्या आणि उजवीकडं एक हँडल. वीज नको, सेल नको. हँडल फिरवलं की घर्र-कट्ट असा आवाज यायचा. वेचणीच्या बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं: आकड्यांचं जातं.

दोन कारकुनांनी त्याच्यावर हात चालवून बघितला. एकाचं बोट चेमटलं, दुसऱ्यानं अशी बेरीज काढली की वाफ्यात कपाशीऐवजी हत्ती पिकले असावेत. मग साहेब वैतागून म्हणाले, त्या बोंडंवालीला बोलवा. झुंबर आली, पदर खोचून उभी राहिली. साहेबांनी यंत्राचं झाकण काढून आत दाखवलं. ती वाकून पाच मिनिटं बघत राहिली. मी दारात होतो, साक्षीदार आहे. पाच मिनिटांनी ती म्हणाली, "हाई तं मनाच पदर शे." हा तर माझाच पदर आहे.

आता हे ऐका, कारण पुढची सगळी भानगड यातच आहे आणि गंमतही यातच आहे.

आत चाकं असतात, एकाशेजारी एक, एकाच दांड्यावर ओवलेली, बांगड्यांसारखी. एक चाक एककाचं, पुढचं दहाचं, पुढचं शंभराचं, त्यापुढचं हजाराचं. प्रत्येक चाकाला बाहेर एक कळ. कळ पाचवर सरकवली की चाकाच्या पोटातून पाच दात बाहेर डोकावतात. सातवर नेली की सात. शून्यावर नेली की चाक बोळकं. मग हँडलाचा एक फेरा मारायचा. ते बाहेर आलेले दात खालच्या आकड्यांच्या चकत्यांना ढकलतात. पाच दात पाच घरं ढकलणार, सात दात सात घरं. झाली बेरीज. दुसरा आकडा कळांवर लावा, पुन्हा एक फेरा, तोही पहिल्यात मिसळला. हँडल उलटं फिरवलं की चकत्या मागे येतात आणि वजाबाकी होते.

मग खरी मेख. शंभराच्या चकतीवर सात आहेत आणि तुम्ही आणखी चार ढकलले. ती आठ, नऊ करत शून्यावर गेली, मग एकावर थांबली. दहा झाले ना? मग हजाराच्या घरात एक कोण वाढवणार? तर शंभराची चकती नवावरून शून्यावर जाताना शेजारच्या एका इवल्या टेकूला कोपर मारते. तो टेकू सरकतो, आणि त्याच्यामुळं हजाराच्या चाकातून एक जादा दात बाहेर येतो. तो दात हजाराच्या चकतीला एक घर पुढं नेतो. हीच झुंबरची गाठ. दहा सरक्या फेकल्या, एक गाठ मारली. माणसाच्या डोक्यातला हातचा लोखंडाच्या टेकूत बसवलेला.

आणि गुणाकार? तीनशे सत्तेचाळीसला सव्वीसनं गुणायचंय तर सव्वीस फेरे मारत बसायचं नाही. सहा फेरे मारायचे, खालची चकत्यांची गाडी एक घर बाजूला सरकवायची, दोन फेरे मारायचे. आठ फेऱ्यांत नऊ हजार बावीस. भागाकार तर याहून मजेदार. उलटं फिरवत वजा करत जायचं. पदरचं संपून वर एक जास्त वजा झालं की यंत्र टिंग करून घंटी वाजवतं. मग एक फेरा सरळ मारून ती चूक परत करायची, गाडी सरकवायची आणि पुढं. इतकं सभ्य यंत्र मी दुसरं पाहिलं नाही. माणूस जास्त खाल्लं तरी घंटी वाजवत नाही.

झुंबर महिन्याभरात अशी तयार झाली की डावा हात कळांवर, उजवा हँडलवर आणि नजर खिडकीबाहेर. बोटांना घर पाठ होतं. कचेरीत दिवसभर घर्र-कट्ट, घर्र-कट्ट, टिंग. आम्ही बाहेर चहा पिताना सांगायचो, आता भागाकार चाललाय. त्या काळी खात्यात संगणक नावाचं पद असायचं. यंत्र नव्हे बरं का, माणूस. आकडेमोड करणारा माणूस. साहेबांनी झुंबरचं नाव त्या पदासाठी वर पाठवलं. रोजंदारीवरची वेचणारी बाई संगणक होणार, ही बातमी मी स्वतः सहा गावांत पोचवली, तीसुद्धा खरी असून.

आणि मग जानेवारी आला.

त्या साली सात नंबर आणि अकरा नंबर अशा दोन वाणांची शर्यत होती. दोघांना बारा-बारा वाफे, सारख्या मापाचे. प्रत्येक वाफ्याचा कापूस वेगळा वेचून ग्रॅममध्ये वजन केलेलं. बेरीज ज्याची जास्त, तो वाण शेतकऱ्यांना जाणार. सात नंबरचे वाफे रतिलालकडं होते. रतिलाल म्हणजे सावद्याचा, केळीच्या पानासारखा तुकतुकीत, डोक्याला तेल, खिशाला कंगवा. त्याला स्वतःच्या मोजण्यावर भरवसा नव्हता, म्हणून दिवसातून चारदा वही घेऊन झुंबरच्या खिडकीशी उभा. एवढा कच्चा माल मला पुरेसा होता.

झुंबरनं सात नंबरची बेरीज एका दुपारी केली. छप्पन्न हजार नऊशे दहा. अकरा नंबरची दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या केली. पंचावन्न हजार दोनशे शहात्तर. सात नंबर जिंकला. रतिलालनं सगळ्यांना चहा पाजला. अकरा नंबरवाल्यांना ते पटेना. त्यांनी ओरडा केला, मग साहेबांनी दुपारी सगळ्यांसमोर झुंबरलाच पुन्हा बेरीज करायला लावली. तेच यंत्र, त्याच बारा वजनांची यादी, तोच हात. अठ्ठावन्न हजार दोनशे शहात्तर.

बरोबर तीन हजारांचा फरक. अकरा नंबर जिंकला होता.

साहेबांनी आणखी दोनदा फिरवून घेतलं, दोन्हीदा अठ्ठावन्न. म्हणजे यंत्र निर्दोष. उरलं कोण? झुंबर तेव्हा एकच गोष्ट म्हणाली. हँडल एकदा जरी उलटं फिरवलं असतं, तर तो वाफा मिळवायच्या ऐवजी वजा झाला असता, म्हणजे फरक त्या वाफ्याच्या दुप्पट पडला असता. तीन हजार फरक यायला दीड हजाराचा वाफा लागेल. अन् यादीत चार हजाराच्या आत एकही वाफा नाही. हे तिनं हळू आवाजात सांगितलं आणि कोणाला कळलं नाही, कारण यंत्राच्या आत काय चालतं ते तिच्याशिवाय कोणाला ठाऊकच नव्हतं. मला तर तेव्हा मुळीच नाही. मी दारातून बाहेर पडलो आणि उलट्या हँडलची गोष्ट चहाच्या टपरीवर पोचवली.

तिला पदावर घ्यायचा कागद नामंजूर होऊन परत आला. झुंबर पुन्हा वाफ्यात गेली. यंत्र कोणाला जमेना म्हणून कपाटात गेलं, पुढं सेलवरचे कॅल्क्युलेटर आले. रतिलाल घाबरून त्याच उन्हाळ्यात सावद्याला गेला आणि मामाच्या मुलीशी लग्न करून मोकळा झाला. झुंबरचंही लग्न झालं, मुलं झाली, नवरा चांगला निघाला, साठीला ती रिटायर झाली. पण त्या दिवसापासून तिला एक खोड लागली. दाराचं कुलूप ती तीनदा ओढून बघते. बसमधून उतरून परत घरी जाते, चूल विझली का बघायला. पोलिओच्या डोसाला गावातली पोरं मोजायचं काम तिला दिलं, तर हिनं तीनदा मोजली आणि वर नातीकडून, साक्षीकडून, मोजून घेतली. जी बाई हजार बोंडं एका दमात मोजायची, तिला सतरा पोरं भारी झाली.

आता यंदाच्या मार्चची गोष्ट. फार्मची जुनी कचेरी पाडायची ठरली. तिथं हल्ली समीक्षा चौधरी नावाची तरुण शास्त्रज्ञ आहे. तीही सावद्याचीच, केळीवाल्यांची, पण रतिलालसारखी तुकतुकीत नाही; दिवसभर मातीत असते. कपाट फोडताना तिला यंत्र सापडलं आणि त्याच्याखाली शहात्तरच्या चाचणीचं रजिस्टर. त्यात झुंबरची पंचावन्न हजारांची बेरीज तांबड्या शाईनं कापलेली आणि वर अठ्ठावन्न लिहिलेलं. बाजूला साहेबांची टीप: चूक हाताची. समीक्षाला कोणीतरी सांगितलं की त्या काळचा बोलका माणूस एकच उरलाय. तिनं मला फोन केला.

मी अख्खी गोष्ट मालमसाल्यासकट सांगितली. पोरीला वाळ्यांमध्ये काडीचा रस नव्हता. ती म्हणाली, "आबा, अक्का अजून आहेत ना? त्यांना घेऊन या."

झुंबरबाई यायला तयार नव्हती. तिच्या ओसरीवर मी तासभर बसलो. ती पापड उलटत होती. तिथं माझं काय काम, एवढंच म्हणत राहिली. मी चिडवलं, म्हटलं, झुंबर, आता रतिलाल पण नाही, तू कोणाला भितेस? पन्नास वर्षांत पहिल्यांदा तिनं मला या विषयावर उत्तर दिलं.

"मोतीभाऊ, हँडल मी उलटं फिरावं नही, हाई माले पक्कं माहीत शे. पन कळ? हजारनी कळ मी चारवर लाई का एकवर, हाई माले आजबी माहीत नही. एक बोट तीन घरं घसरनं, का तीन हजार गया. रोज रातले मी ती कळ लावस."

इतकी वर्षं मी समजत होतो की तिला लोकांच्या बोलण्याचा राग आहे. तिला लोकांचं काही पडलंच नव्हतं. तिला फक्त आपल्या बोटाचं उत्तर हवं होतं. मग ती स्वतःच उठली, हात धुतले, आणि कुलूप तीनदा ओढून माझ्याबरोबर निघाली.

यंत्र मात्र ठार बसलेलं. हँडल तसूभर हलेना. समीक्षानं धुळ्याहून प्रेमराज नानांना बोलावलं होतं. नाना टाइपरायटरचे जुने मिस्त्री, ऐंशीच्या घरातले, उजव्या कानानं बहिरे आणि डाव्या कानानं सोयीपुरते. त्यांची हत्यारं एका जुन्या फेट्याच्या कापडात गुंडाळलेली. त्यांनी यंत्र बघितलं आणि आम्हाला सगळ्यांना पाव्हणे आल्यासारखं बाजूला बसवलं.

झाकण निघालं. आत पिवळट-तपकिरी थर, राळेसारखा, प्रत्येक दातावर, प्रत्येक टेकूवर. नानांनी नखानं उकरून बघितलं, मग नाकाशी नेलं. त्यांची भुवई वर गेली. "हाई मशीननं तेल नही," ते म्हणाले. मशीनचं तेल म्हातारं झालं की काळं होतं, उडून जातं, पण असं गोंद होत नाही. हे खायचं तेल आहे. कुठलं, ते त्यांना सांगता येईना.

समीक्षानं वास घेतला. झुंबरबाईनं घेतला. मला घ्यायची गरज पडली नाही, कारण कपाशीच्या मुलखात जन्मलेल्या माणसाला हा वास चार हातांवरून कळतो. गुरांपुढं ढेप टाकल्यावर गोठ्यात असतो तोच. सरकीचं.

दोन दिवस यंत्र रॉकेलच्या परातीत पडून होतं. नाना रोज सकाळी धुळ्याहून येत, दातकोरणीनं आणि टूथब्रशनं एकेक टेकू घासत, जेवून परत जात. झुंबरबाईही रोज येई आणि बाजूला बसून बघत राही. तिसऱ्या दिवशी नानांनी सगळं पुसलं, शिलाई मशीनचं तेल थेंबथेंब दिलं आणि हँडल धरलं. घर्र-कट्ट.

अहो, काय सांगू. पन्नास वर्षांपूर्वीचा तो आवाज ऐकून मी उठून उभाच राहिलो. समीक्षा लहान मुलीसारखी टेबलाभोवती फिरत होती, अक्का तुम्ही करा, तुम्ही करा. झुंबरबाईनं पदर खोचला. डावा हात कळांवर गेला तो असा, जणू कालच उठली होती. बोटांना सगळी घरं आठवत होती. रजिस्टरमधली बारा वजनं समीक्षानं वाचली, तिनं बारा फेरे मारले. अठ्ठावन्न हजार दोनशे शहात्तर. मोबाइलवरही तेच.

सगळे टाळ्या वाजवत होते. झुंबरबाई मात्र खुर्चीत खचली. मला लगेच उमगलं का ते. यंत्र बरोबर निघालं म्हणजे बोट चुकलं होतं. ती टीप खरी ठरत होती.

समीक्षानं यंत्राकडं बघत झुंबरबाईला विचारलं, चुकलेली बेरीज किती वाजता केली होती? सकाळी, आल्या आल्या. थंडी होती? मी मध्ये पडलो. म्हटलं, बाई, शहात्तरच्या जानेवारीत सकाळी माझ्या स्टोअरमधलं खोबरेल दगड झालं होतं, मी स्वतः चुलीपाशी ठेवून पातळ केलं. आणि बरोबर आलेल्या बेरजा? सगळ्या दुपारच्या. उन्हानं पत्रे तापल्यावर.

समीक्षा दाराकडं धावलीच. गावातल्या तेलघाण्यावरून तिनं पेलाभर सरकीचं कच्चं तेल मागवलं, गाळलेलं नको म्हणून बजावून. नानांना ते तेल यंत्रात घाला म्हटल्यावर त्यांनी यंत्र छातीशीच धरलं. तीन दिवस घासलेल्या लेकराच्या तोंडात परत चिखल कोण घालील? शेवटी समीक्षानं त्यांना शपथ दिली की पुन्हा धुवायला पैसेही देईन आणि शेवभाजीही खाऊ घालीन. दुसरीवर नाना विरघळले. टेकूंवर तेल पडलं. मग यंत्र कशात ठेवलं माहीत आहे? बियाण्यांचे नमुने ठेवायच्या फ्रिजमध्ये. कपाशीच्या पाकिटांना बाजूला सारून, वरच्या कप्प्यात. फ्रिजचं दार लागेना म्हणून प्रेमराज नाना पाठ लावून बसले आणि बसल्या बसल्या घोरू लागले.

तीन तासांनी काढलं. लोखंडाला घाम फुटलेला. समीक्षा म्हणाली, आधी फक्त दोन वाफे लावा.

पहिला वाफा चार हजार सातशे तीस. झुंबरबाईनं कळा लावल्या, समीक्षानं जवळ जाऊन तपासल्या, मी चष्मा लावून तपासल्या. एक फेरा. खिडकीत चार हजार सातशे तीस. दुसरा वाफा पाच हजार चारशे साठ. पुन्हा तिघांनी कळा तपासल्या. हजाराची कळ पाचावर. बघितली, बोट ठेवून बघितली. शंभराच्या घरात सात आणि चार, म्हणजे अकरा, म्हणजे टेकूनं कोपर खायचं आणि हजाराला एक द्यायचा. उत्तर यायला हवं दहा हजार एकशे नव्वद.

झुंबरबाईनं हँडल फिरवलं. घर्र. कट्ट झालंच नाही. नुसतं घर्र.

नऊ हजार एकशे नव्वद.

समीक्षा ओरडली. नाना जागे झाले आणि कारण न विचारता ओरडले. झुंबरबाई खिडकीतल्या त्या नवाकडं बघत होती. मग तिनं काडेपेटीतली काडी घेतली आणि आतल्या त्या टेकूला हळूच टोचलं. तो अर्ध्या वाटेवर अडकला होता. चकतीनं त्याला ढकललं होतं, पण गार, दाटलेल्या तेलात तो पुरता सरकलाच नव्हता, आणि म्हणून तो जादा दात बाहेर आला नव्हता. सरक्या फेकून दिल्या, गाठ मारलीच नाही.

मग आम्ही वेड लागल्यासारखे बारा वाफे पुन्हा पुन्हा केले. पहिल्यांदा चोपन्न हजार दोनशे शहात्तर आलं, चार हजारांनी कमी. यंत्र जरा गरम झालं, दुसऱ्यांदा छप्पन्न हजार दोनशे शहात्तर, दोन हजारांनी कमी. अर्ध्या तासानं टेकू मोकळा झाला आणि अठ्ठावन्न. बरोबर तीन हजारांनी कमी एकदाही आलं नाही, ते मी इथं लावून सांगणार नाही. पण दर वेळी खालचे आकडे तेच, फक्त हजार गळलेले. समीक्षानं फ्रिजमध्ये ठेवून आणखी दोनदा करून बघितलं. दोन्हीदा हजारच गळले.

झुंबरबाईनं रजिस्टर ओढून घेतलं. साहेबांच्या टिपेवर तिनं बोट ठेवलं, बराच वेळ ठेवलं. समीक्षानं तिला पेन दिलं. तिनं तांबड्या रेघेच्या खाली, आपल्या सातवीच्या गोल अक्षरात लिहिलं: चूक तेलाची. खाली सही केली, तारीख घातली. एकदाच लिहिलं. परत वाचून बघितलं नाही.

मग समीक्षानं विचारलं की यंत्रात सरकीचं तेल घातलं कोणी. झुंबरबाई म्हणाली, तेलाची कुपी स्टोअरमधून यायची. तिनं माझ्याकडं बघितलं. नानांनी बघितलं. समीक्षानं सगळ्यात शेवटी बघितलं. मी सांगितलं.

झुंबरबाई उठली, तिनं परातीत रॉकेल ओतलं, ब्रश माझ्या हातात दिला आणि यंत्र माझ्यापुढं सरकवलं. "लाग आते," ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत मी ते एकट्यानं घासलं.

खरं आहे ते एवढंच. रतिलालनं झुंबरला काही दिलं नव्हतं. झुंबरनं हँडल उलटं फिरवलं नव्हतं आणि कळही चुकीची लावली नव्हती. शिलाई मशीनचं तेल संपलं होतं, ते आणायला धुळ्याला जायचा मला कंटाळा आला, म्हणून यंत्राच्या कुपीत सरकीचं तेल मी भरलं होतं.